"ताई, झेपली नाही म्हणा की सरळ!"

भाऊ, तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून खाली "धन्यवाद" टाकून न सुटता वेगळं उत्तर लिहितेय.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ विकून हीरोची हलकी एक्सपल्स २०० ४व्ही घेतली आणि तसं का केलं त्यावर लेख लिहिला. त्यावर भाऊंचं म्हणणं असं: वजनदार गाडीच हायवेवर सुरक्षित, हलकी गाडी ट्रकच्या वाऱ्यानं फेकली जाते. एक्सपल्सची सीट तर उलट हिमालयनपेक्षा उंच, मग सोय कसली? २०० सीसीवर डबलसीट कसारा घाट चढून दाखवा. लडाखला काय ढकलत नेणार? आता ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी झालाय, विकलेली परत घेता येणार नाही. आणि, "ताई, झेपली नाही म्हणा की सरळ, एवढं पुराण कशाला?" खरं दुखणं मात्र शेवटच्या ओळीत आहे. तुमची बहीण रॉयल एनफिल्डची ३५० सीसीची गाडी घेणार होती, माझा लेख वाचून ती आता नको म्हणतेय.

आधी झेपण्याचं बघू. चालती गाडी झेपायला ताकद लागतच नाही. वेग ताशी तीसच्या पुढे गेला की हिमालयनचे १९९ किलो कुठे जातात कळत नाही. आमच्या नाशिकच्या पेठ रोडला सावळ घाटातल्या वळणांत हिमालयन इतकी निमूट चालायची की मागे बसलेले आमचे हे डुलक्या काढायचे. वजन अंगावर येतं ते माणूस चालतो त्या वेगाला आणि त्याच्या खाली. बिल्डिंगच्या पार्किंगमधून गाडी मागे काढताना, नाक उताराकडे करून लावलेली परत वर ओढताना, अरुंद रस्त्यावर फिरवताना. तुम्ही म्हणाल, हे तर सगळ्या प्रवासात चिमूटभर. बरोबर. पण माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या गाड्या पडल्यात त्या याच चिमूटभरात.

हरसूलच्या बाजूला आत कधी गेला असाल तर ठाऊक असेल. डांबराची पट्टी जेमतेम एका जीपपुरती, कडेला डांबर तुटून वीतभर पायरी झालेली आणि तिच्यात सुटी खडी. भाताच्या लावणीत ट्रॅक्टरच्या चाकांनी खाचरातला चिखल रस्त्यावर आणून पसरलेला असतो. पुढे फरशी पुलावरून पाणी चाललंय, मागे फिरायचंय. हँडल पूर्ण वळवून, अर्ध्या क्लचवर पुढचं चाक कडेपर्यंत आणलं. आता गाडी मागे घ्यायची. रस्ता मधे फुगीर, कडेला उतरता, त्यामुळे ब्रेक सोडला की गाडी पुढेच सरकू बघते. पाय रोवून ओढावी तर बुटाखाली चिखल. मग उतरत्या बाजूचा पाय जमीन शोधत जातो आणि जमीन असायला हवी तिथे ती नसते, दोन इंच खाली असते. तेवढ्यात गाडी कलते. हातात किती किलो आलेत हे तेव्हा कळतं, आणि तेव्हा सीसी किती हे कुणी विचारत नाही.

कलल्यावर सगळं वजन काही हातात येत नाही, सुरुवातीला थोडंच येतं. पण कोन वाढत जातो तसं ते झपाट्यानं वाढतं. हिमालयनला मी एका हद्दीपर्यंत धरून ठेवायचे, त्यापुढे सोडून बाजूला व्हायचे, पुढचं क्रॅशगार्ड बघून घेईल म्हणून. एक्सपल्सचं वजन १५९ च्या घरात. ती हद्द आता बरीच पुढे गेलीय. पूर्वी जिथे सोडून दिली असती तिथे मी गाडी सावरून परत उभी करते, आणि म्हणून अशा रस्त्यांवर एकटी जाते. पूर्वी सोबत असेल तरच जायचे. माझ्यापुरता सगळा फरक एवढाच आहे.

पडलेली हिमालयनही एकटीला उचलता येते, मी उचलली आहे. आधी गिअर टाकायचा म्हणजे गाडी घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड उघडून ठेवायचा. गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला कंबर लावायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं, पाठ वाकवायची नाही. कोरड्या डांबरावर छान जमतं. चिखलात मात्र पायच सरकतात, मग युक्ती कितीही पाठ असो.

आता सीट. हिमालयनची ८०० मिलिमीटर, एक्सपल्सची ८२५, हे तुमचं बरोबर आहे. मी पाच फूट चार इंच. एक्सपल्सची सीट पुढे निमुळती आहे, बसल्यावर सस्पेन्शनही थोडं खाली जातं, तरी माझ्या दोन्ही टाचा टेकत नाहीत. सिग्नलला कंबर डावीकडे सरकवून एकच पाय पूर्ण टेकवते. पण पाय उशिरा पोचणं आणि पोचल्यावर जे सावरायचं ते, हे दोन्ही एकत्र धरायला हवं. सावरण्यात चाळीस किलो वाचले म्हणून मला वरचे २५ मिलिमीटर परवडले. माझ्यापेक्षा बुटक्या बाईला किंवा पुरुषाला ते परवडतीलच असं नाही, त्यांनी एक्सपल्सच्या वाटेला जाऊ नये. "बायकांसाठी सोयीची गाडी" असं मी कुठेही लिहिलेलं नाही, ते तुम्ही घातलंत.

हायवेबद्दल तुमचं म्हणणं बरंचसं पटतं. फक्त जे श्रेय तुम्ही वजनाला देताय ते ताकदीचं आहे. हिशेब करून बघा. हिमालयन २४.३ बीएचपी, एक्सपल्स १८.९. नुसत्या गाड्या धरल्या तर शंभर किलोमागे हिमालयनला १२.२ आणि एक्सपल्सला ११.९, म्हणजे जवळपास बरोबरी. त्यावर मी बसले (साठ किलो धरा, धरा म्हटलंय) की ९.४ विरुद्ध ८.६. आमचे हे आणि सामान मिळून आणखी नव्वद चढवले की ७ विरुद्ध ६.१. गाडी हलकी असल्याचा फायदा ओझं वाढेल तसा पुसला जातो, कारण ओझं दोघींना सारखंच आणि इंजिन लहान तिच्या वाट्याला ते जास्त. त्यात टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, ३२ विरुद्ध १७.३५ न्यूटन मीटर. हिमालयन चौथ्या गिअरमध्ये जिथे नुसती गुरगुरत चढायची तिथे एक्सपल्सला तिसरा टाकून इंजिन ओरडवावं लागतं.

म्हणजे डबलसीट कसारा चढते का? चढते. पण टँकरच्या मागून बाहेर पडायचं तर समोर बरीच जास्त मोकळी जागा बघावी लागते, आणि कितीदा तरी मी टँकरच्या मागेच राहते. ह्यांना मागची सीट अरुंद पडते, इगतपुरी यायच्या आत चहाची आठवण येते. महिन्यातून चार वेळा नवरा-बायको मुंबईला जाणाऱ्यांनी माझं ऐकू नये, हे मूळ लेखातही होतं, फार खाली होतं इतकंच.

वाऱ्याचं म्हणाल तर श्रावणात घोटीच्या पुढे आडवा वारा सुटतो तेव्हा हलकी गाडी जास्त हलते, खरं आहे. पण वारा अडवण्यात आपलंही वजन धरलं जातं. माझ्यासकट २५९ विरुद्ध २१९. जाणवतो फरक, पण "फेकली जाते" हे जरा जास्तच झालं. कंटेनरच्या शेजारी रेंगाळायचं नाही आणि हँडल आवळून धरायचं नाही. आपण आवळलं की वाऱ्याचा धक्का आपल्याच खांद्यांतून हँडलमध्ये उतरतो. कोपरं सैल ठेवली की गाडी स्वतःच सरळ होते.

आणि वेग? समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळात बंदी. उरला आपला मुंबई-आग्रा हायवे, तिथे चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा. ती किती जण पाळतात ते सोडा. पण ८०-८५ ला एक्सपल्स खुशीत चालते, शंभरच्या आसपास हँडलमध्ये मुंग्या येतात. मला त्याच्या वर जायचंच नसतं. तुम्हाला जायचं असेल तर तुम्हाला मोठी गाडी हवी, त्यात वादच नाही.

तुमच्या यादीत नसलेल्या दोन खोडी मीच सांगते. लेखाखाली आणखी एकानं लिहिलंय की हलकी गाडी पटकन थांबते. तसं नसतं. टायरची पकड वजनाबरोबर वाढते, म्हणून थांबायचं अंतर टायर, ब्रेक आणि एबीएसवर (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) ठरतं. एक्सपल्सला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, हिमालयनला दोन्ही चाकांना होता. ओल्या रस्त्यावर मागचा ब्रेक मी आता जपून दाबते. दुसरी खोड मेन स्टँडची. हिमालयनला होता, हिला नाही. दोन्हींचे टायर ट्यूबवाले, पंक्चर झालं की चाक काढणं आलंच. हिमालयन मेन स्टँडवर घेतली की मागचं चाक आपोआप अधांतरी. एक्सपल्सला एका बाजूला साईड स्टँड, दुसऱ्या बाजूला इंजिनखाली धोंडा, आणि तो धोंडा नेमका त्या मापाचा सापडायला हवा. पेठच्या बाजूला धोंड्यांना तोटा नाही म्हणून निभावतं. चेनला तेल द्यायला घरी पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) आणलाय.

लडाखचं काय करणार? काही नाही. मला जायचं नाही. लहान गाड्यांवर लोक जाऊन आलेत, पण तो माझा मुद्दाच नाही. माझी गाडी जाते मेन रोडला, दहीपुलाच्या गल्ल्यांत, त्र्यंबकला, अंबोलीमार्गे जव्हारला, नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगी गडावर. त्यात सिंहस्थ २०२७ ची कामं काढलीत, काल होता तो रस्ता आज खणलेला असतो आणि गाडी जागच्या जागी फिरवावी लागते. वर्षभर इथे फिरायचं आणि गाडी मात्र लडाखची खारदुंगला खिंड डोळ्यांसमोर ठेवून घ्यायची, हे माझ्या खिशाला आणि मनगटाला पटत नाही.

जीएसटीबद्दल: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरच्यांचा ४० झाला, हे खरं. पण ४११ कंपनीनं त्याच्या आधीच बंद केली होती. परत घ्यायची तर जुनीच मिळेल, आणि माझी ज्यानं नेली तो पोरगा सहा फुटांचा आहे, तो काही परत देणार नाही.

आता तुमच्या बहिणीचं. तुम्ही लिहिलंय, ती रोज नाशिकरोडहून सिन्नरला एमआयडीसीत जाते, एकटी, आणि सुट्टीत कधीतरी पुण्याला. अहो, मग तिनं ३५० च घ्यावी! रस्ता चौपदरी, सरळ, गाडी फिरवायची वेळ दिवसातून दोनदा, तीही पार्किंगमध्ये. माझ्या लेखातली एकही अडचण तिच्या वाटेवर नाही. फक्त क्लासिक आणि हंटर दोन्हींवर बसून बघायला सांगा. इंजिन दोघींचं ३४९ सीसीचंच, म्हणजे कर १८ टक्केच. क्लासिक १९५ किलो, सीट ८०५. हंटर १८१ किलो, सीट ७९०. हे १४ किलो आणि १५ मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. मी असते तर हंटर घेतली असती, पण क्लासिकचा रुबाब तिला हवा असेल तर तोही तिचाच निर्णय.

शोरूममध्ये टेस्ट राईडच्या आधी तिला एवढं करू द्या. गाडी बंद, न्यूट्रलमध्ये. डावीकडे उभं राहून, दोन्ही हात हँडलला, गाडी दारातल्या रॅम्पवरून मागे ओढत वर न्यायची. मग वर बसून, पायांनी रेटत मागे. मग सेल्समनला डाव्या बाजूला उभं करून गाडी थोडी थोडी डावीकडे कलवायची, कुठपर्यंत आपल्याला धरता येते ते कळेपर्यंत. सेल्समन हसेल, हसू द्या. कंपनीतलं पार्किंग उतारावर आहे का, तेही तिला आधीच बघून ठेवायला सांगा. आणि भाऊ, तेवढा वेळ तुम्ही बाहेर टपरीवर चहा घ्या. ढकलायला हात लावायचा नाही.