मुलांच्या पायांनी मुंबई

मुलांना घेऊन एका दिवसात मुंबईतील सहा ठिकाणे पाहण्याचा बेत सुचवणारा लेख वाचला; तो बेत मोठ्यांनाही दमवणारा आहे, मुलांची तर गोष्टच सोडा. पुण्याहून सकाळी ७.१५च्या डेक्कन क्वीनने निघाले, तरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरेपर्यंत साडेदहा वाजतात आणि त्याच गाडीने संध्याकाळी ५.१०ला परतायचे असल्यास हाती जेमतेम साडेसहा तास उरतात. त्यात घारापुरी बेटावरची (एलिफंटा) लेणी बसवणे मला तरी पटत नाही. गेटवेहून लाँचने जायला सुमारे एक तास, यायला तितकाच, शिवाय धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या! आमचा पाच वर्षांचा नातू निम्म्या वाटेवरच फतकल मारून बसला आणि त्याच्या हातातले कणीस माकडाने अलगद उचलून नेले. (त्रिमूर्तीपेक्षा त्याला आजही ते माकडच अधिक आठवते.)

लेखात साप्ताहिक सुट्ट्यांचा उल्लेख हवा होता; घारापुरीची लेणी सोमवारी, तर भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. एकच दिवस असेल, तर राणीच्या बागेतील पेंग्विन आणि तिथलेच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एवढे पुरे.