गाडी म्हणते, मला झोप आलीय

आमच्या घराण्यात मोठे डोळे कोणालाच नाहीत. माझ्या लग्नाचा अल्बम बघणारे अजून विचारतात, नवरदेव अंतरपाटामागे झोपला होता का.

आणि मी गाडी घेतली ती नेमकी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर पाळत ठेवणारी. स्टेअरिंगमागे कॅमेरा असतो. रविवारी सकाळी ठाण्याहून पुण्याला निघालो, बायको शेजारी, सासूबाई मागे, एक्सप्रेसवेला लागलो तर ऊन समोरून, म्हणजे होते नव्हते ते डोळेही बारीक झाले, आणि टुंग! स्क्रीनवर कॉफीचा कप.

"अहो, झोप येतेय?"

"नाही गं."

"मग गाडी कशाला खोटं बोलेल?"

बावीस वर्षांचा संसार एकीकडे आणि आठ दिवसांची गाडी एकीकडे!

खालापूरला थांबून कॉफी घेतली, वडा खाल्ला. घाटात परत टुंग. मागून सासूबाई, "जावईबापू, रात्री जागरण झालं का?" मग मी डोळे वटारून चालवायला लागलो. दहा मिनिटांत डोळे कोरडे पडले, मग पाणी, मग नुसती उघडझाप, आणि कप काही जाईना. शेवटी गॉगल लावला.

पुण्यात भाचा हसायलाच लागला, तो गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणे मामा, त्यात इन्फ्रारेड लाइट असतो, आपल्याला दिसत नाही पण बऱ्याच गॉगलमधून आरपार जातो. मिनिटभरात पापणीने बाहुली किती वेळ 80 टक्के झाकली ते मोजतात, त्याला पर्क्लोस म्हणतात. युरोपात तर जुलै 2024पासून प्रत्येक नव्या गाडीत झोपेची वॉर्निंग कंपल्सरी आहे. माझी बाहुली जन्मापासून निम्मी झाकलेली, हे त्याला सांगून काय उपयोग.

संध्याकाळपर्यंत मी खरंच थकलो, झोपेने नाही, टुंगने. परतताना बायको म्हणाली मीच चालवते. तिचे डोळे टपोरे, तिने दोनदा मोठ्ठी जांभई दिली तरी गाडी गप्प! मात्र लोणावळ्याच्या पुढे ती आईला काहीतरी सांगायला मागे वळली, आणि टुंग. समोर बघा. पाच मिनिटांनी पुन्हा टुंग.

"अहो, हे बंद कुठून करायचं? डोकं उठवलंय नुसतं!"

सेटिंगमध्ये कुठे आहे ते मला सकाळपासून पाठ होतं. पण मी डोळे मिटून घेतले होते.