काकू, फोन तुम्हीच केला होता का?

आई व्हिडिओ कॉलवर ओरडत होती. "अगं, हळू बोल, ऐकू येतंय मला," असं म्हटलं तर आणखीच जोरात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागचा गोंगाट गाळायची फोनमधली सोय तिच्या खिडकीखालचा डीजे गाळून टाकत होती आणि तिचा एकटीचाच आवाज इकडे स्टुटगार्टला पोचत होता. मला दिसत होती ती फक्त मागच्या फडताळाची थरथरणारी काच आणि एका कानावर हात दाबून बोलणारी आई.

दर भाद्रपदात आमच्या घरच्या ग्रुपवर हा वाद होतो. एक बाजू म्हणते, "वर्षातून दहा दिवस सहन होत नाहीत?" दुसरी म्हणते, "जर्मनीत बघा, टाचणी पडली तरी ऐकू येते." साक्षीदार म्हणून अर्थातच मला पुढे करतात.

तर साक्ष अशी. 2000 सालच्या आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. इथे साध्या निवासी वस्तीत कारखाने-धंद्यांच्या आवाजाला दिवसा 55, रात्री 40. रात्र दोन्हीकडे दहालाच सुरू होते. म्हणजे कागदावर पुणं आणि स्टुटगार्ट शेजारी-शेजारीच राहतात.

इथली शांतता मला सगळीच आवडते असंही नाही. नवीन असताना एका रविवारी रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या सार्वजनिक कुंडीत टाकायला गेले. दुसरी बाटली खळ्ळकन पडली तोच एक आजोबा गॅलरीत येऊन उभे. रविवारी ते चालत नाही. वस्तीत गवत कापायचं यंत्र रविवारी चालवायलाही कायद्यानेच बंदी आहे. लहान मुलांच्या आवाजावरून लोक पाळणाघरांविरुद्ध कोर्टात जायला लागले, तेव्हा 2011 मध्ये सरकारला कायद्यातच लिहावं लागलं की मुलांचा कलकलाट हे सहसा प्रदूषण मानायचं नाही. असला रविवार मला पेठेत नको. ढोलाचा पहिला ठोका पडला की माझेही पाय हलतात.

पण एका वाढदिवसाला रात्री साडेदहाला आमच्या दारात पोलीस आले. गाणी बंद करा म्हणाले, आम्ही केली. तक्रार कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळ्यांशी नेहमीसारखंच "गुड मॉर्निंग" झालं.

आईने तीन वर्षांपूर्वी 112 वर फोन केला होता. शेजारच्या आजींची बायपास नुकतीच झाली होती, रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पोलीस आले, आवाज खाली गेला, पोलीस गेले, आवाज वर आला. सकाळी मंडळाची चार मुलं दारात. उद्धट अजिबात नाही, यातल्या दोघांना आईनेच गणित शिकवलंय. "काकू, फोन तुम्हीच केला होता का? आम्हाला सांगायचं ना, पोलीस कशाला?" आईने त्यांना चहा दिला, वर्गणीही वाढवून दिली. त्यानंतर तिने कधी फोन केला नाही.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगितलं, त्याच्या बातम्या झाल्या. तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असंही त्याच निकालात आहे. ग्रुपवर भांडण झालं ते धर्मावरून. ओळखीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. सणासाठी मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची तरतूद नियमातच आहे, वर्षाला पंधरा दिवसांपर्यंत. दहा दिवसांचा हट्ट त्यात आरामात बसतो. बसत नाही ते उरलेलं वर्ष : दहीहंडी, नवरात्र, जयंत्या, वराती, आणि जुन्या इमारती पाडून चाललेली नवी बांधकामं. आणि यातल्या कशाबद्दलही तोंड उघडणारा माणूस पहिल्याच फोनला गल्लीभर ओळखला जातो.

आईला हे वाचून दाखवलं. "माझं नाव नाही ना घातलंस?" एवढंच तिने विचारलं. विसर्जनापर्यंत ती मागच्या स्वयंपाकघरात गादी घालून झोपते आहे.