नसलेल्या किल्ल्यावर काकांसोबत

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नीसमध्ये रोज दुपारी बाराला तोफ उडते, ही बातमी मला थेट तोफेनेच दिली. कानांवर हात ठेवून मी फुटपाथवर उकिडवा बसलो आणि उठायच्या आत आमच्या टूरमधल्या काकांनी त्या अवस्थेचा फोटो ग्रुपवर टाकलासुद्धा. शेजारी झोपलेल्या फ्रेंच कुत्र्याने मान वर केली नाही, हेही फोटोत स्पष्ट दिसतं.

या तोफेचं मूळ म्हणे एका जेवणात आहे. 1860 च्या दशकात थॉमस कॉव्हेंट्री नावाचा स्कॉटिश गृहस्थ हिवाळ्यात इथे राहायचा. बायको समुद्रावर फिरायला जायची, गप्पांत रमायची आणि जेवणाची वेळ टळायची. त्याने नगरपालिकेची परवानगी काढून बाराला बार उडवायला सुरुवात केली. तो गाव सोडून गेला, पण 1875 मध्ये नगरपालिकेने ही प्रथा अधिकृत केली. एका माणसाच्या निवलेल्या जेवणाची शिक्षा अख्खं गाव अजून भोगतंय. आता तोफही उरलेली नाही. टेकडीवरून शोभेच्या दारूचा बार काढतात. एक एप्रिलला तो अकरालाच उडवतात आणि त्याला विनोद म्हणतात.

बार जिथून निघतो ती टेकडी म्हणजे 'किल्ल्याची टेकडी'. उंची जेमतेम 92 मीटर. समुद्राकडून बेलांदा मनोऱ्याजवळ लिफ्ट आहे, तीही फुकट. पण काकांचं अर्धं आयुष्य सह्याद्रीत गेलेलं. "किल्ल्यावर लिफ्टने जायचं? लोक काय म्हणतील?" म्हणून 213 पायऱ्या. लोक लिफ्टने आमच्या आधी वर पोचले आणि काही म्हणाले नाहीत.

वर बाग, घसरगुंड्या, आइस्क्रीम. काकांनी कमरेवर हात ठेवून एक गिरकी घेतली.

"बालेकिल्ला कुठाय?"

"पाडला."

"कोणी?"

"चौदाव्या लुईने. 1706 साली."

"अहो, पण गाव फ्रान्सचं ना? स्वतःचाच किल्ला पाडला?"

मी सांगितलं, तेव्हा गाव सॅव्हॉय या शेजारच्या राज्याच्या ड्यूकचं होतं. लुईच्या सैन्याने वेढा घालून घेतलं आणि परत द्यायची वेळ आलीच तर निदान किल्ला तरी हाती लागू नये म्हणून तटबंदी जमीनदोस्त केली. फ्रान्सकडे गाव कायमचं आलं 1860 मध्ये.

"म्हणजे पुढे आपलंच होणार होतं, ते आधीच फोडून ठेवलं!" काकांना अतोनात दुःख झालं. मग संशय आला. "पाण्याची सोय? टाकी?"

मी धबधबा दाखवला. तो 1885 चा, व्हेझुबी नदीच्या कालव्याच्या पाण्यावर चालणारा.

"धबधबाही नळाचा!" काका म्हणाले. "मनोरा तरी जुना आहे ना?"

मनोरा एकोणिसाव्या शतकात बांधलेला. मी गप्प बसलो.

शेवटी कातरीन सेग्युरान कामी आली. 1543 मध्ये फ्रेंच आणि बार्बारोसाचं तुर्की आरमार मिळून नीसवर चालून आले, तेव्हा या धोबिणीने कपडे धुण्याच्या धोपाटण्याने शत्रूचा निशाणवाला आडवा केला अशी दंतकथा आहे. पुढे तिने तटावरून तुर्कांना पाठ दाखवली, तीही वस्त्र वर करून. काका खूश. "हा खरा किल्ला!" सेंट ऑगस्टिन चर्चजवळच्या तिच्या स्मारकापुढे त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला. मागून येणाऱ्या बाईंना वाटलं, आमचं काही हरवलंय. त्याही शोधायला वाकल्या.

जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. कूर सालेया चौकातला फुलबाजार पाहायचा तर सोमवार टाळावा, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू मांडतात. आमच्या टूरवाल्यांनी अर्थातच सोमवार निवडला होता. सोका मात्र खावा: काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. वर मिरपूड. गरम असेल तर आपल्या पोळ्यासारखा लागतो, गार झाला तर परातीसारखा.

आणि समुद्र. रंग खरोखर निळा, पण वाळू नाही. आल्प्समधून व्हार आणि पायों या नद्यांनी आणलेले गोटे आहेत. लाटा तेही ओढून नेतात, म्हणून नगरपालिका ट्रकने नवे आणून ओतते. खाजगी किनाऱ्यावर गादीच्या खुर्चीचं भाडं ऐकून माझा चेहरा पाहिलेला पोरगा हसला, ते मला आवडलं नाही. सार्वजनिक किनारा फुकट आहे, अंघोळीचा शॉवरही फुकट, पण गोट्यांवर पाठ टेकवून दाखवा.

काका अनवाणी निघाले. "ॲक्युप्रेशर आहे हे, आपल्याकडे पैसे घेतात याचे!" चौथ्या पावलाला आवाज बदलला. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्याच. इथे दोन-चार पावलांतच पाणी खोल होतं. उतरणं सोपं, बाहेर येणं अवघड, कारण परतणारी लाट पायाखालचे गोटे काढून घेते. त्यावर उपाय एकच: लाट पुढे ढकलेल तेव्हा हात टेकून रांगत यायचं. महागडे गॉगल लावलेल्या बायका, पोटं आत घेतलेले पुरुष, सगळे तसेच येतात, आणि मग उभं राहून केस सारखे करतात, जणू चालतच आले होते.