‘प्लॅन नको, सरळ काम सुरू करा’ हे मला का पटत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, ऑफिसच्या, कॉलेजच्या आणि चक्क आमच्या सोसायटीच्या पण. थोडक्यात त्यात म्हटलंय की ऑफिसच्या कामासाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्लॅन बनवणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं. एक तर प्लॅन पहिल्याच दिवशी बदलतो, खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले आयझेनहॉवर प्लॅनला बिनकामाचा म्हणून गेले, दुसरं एजाइल, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांची छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, आल्यापासून प्लॅनिंग जुनं झालं, तिसरं आपले डबेवाले कुठे गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी याचा पट्ट्यांचा तक्ता, काढतात, चौथं मेट्रोसारख्या कामांना एवढाले प्लॅन असतात तरी उशीर होतोच, आणि अगदीच साहेबांनी मागितला तर नेटवरून टेम्प्लेट उतरवा, दोन तासांत होतो.

मी ठाण्याला राहते, नवी मुंबईत महापेला एका मध्यम कंपनीत ॲडमिन आणि प्रोजेक्ट कोऑर्डिनेशन बघते, बारा वर्षं झाली. मेसेज वाचून मला खरंच राग आला कारण हाच विचार आमच्याकडे एकदा अमलात आणला होता आणि त्याचा त्रास १४० माणसांनी काढलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते, पण आधी काय झालं होतं ते सांगते.

आमचं जुनं ऑफिस वागळे इस्टेटला. भाडेकरार संपत आला म्हणून महापेला पाचव्या मजल्यावर जागा घेतली आणि एप्रिलच्या एका मीटिंगमध्ये ठरलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात शिफ्ट व्हायचं. बस, एवढंच ठरलं. वरच्यांचं म्हणणं, शिफ्टिंगला कसला आलाय प्लॅन, टेम्पो बोलवा आणि सामान हलवा. सगळे मरमरून काम करत होते, कोणी कामचुकार नव्हतं हे मुद्दाम सांगते. फर्निचर झालं, एसी लागले, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आमचे आयटीचे दादा मला विचारतात, मॅडम लीज लाइनचं काय झालं? म्हणजे ऑफिससाठीची इंटरनेटची वेगळी लाइन. मी म्हटलं ऑर्डर तुम्ही दिलीत ना? ते म्हणाले जागेचे कागद तुमच्याकडे, मला वाटलं ॲडमिनने दिली असेल. ऑर्डर कोणीच दिलेली नव्हती. मग धावाधाव केली तर कळलं की केबल आमच्या बिल्डिंगपासून जवळच आहे पण रस्ता खोदावा लागेल, आणि पावसाळा तोंडावर आला की खोदाईची परवानगी मिळत नाही, आता जे काय ते पाऊस संपल्यावर. गच्चीवर रेडिओ लिंक लागेपर्यंत साडेतीन आठवडे १४० माणसं डोंगलवर. पगाराची फाइल अपलोड होईना म्हणून अकाउंट्सची मुलगी लॅपटॉप घेऊन कळव्याला स्वतःच्या घरी गेली आणि तिथून पाठवली, तरी पगार चार दिवस उशिरा झाला, आणि ज्याच्या घराचा हप्ता पाच तारखेला कापला जातो त्याला चार दिवस म्हणजे काय ते विचारा.

आणि तो रॅक. शनिवारी रात्री साडेअकराला सर्व्हरचा रॅक टेम्पोतून उतरवला, वरून पाऊस. लिफ्टचं दार साडेसहा फूट, रॅक त्याहून दोन बोटं उंच. आडवा करून घालावा तर लिफ्ट आतून तेवढी खोल नाही. आम्ही सहा जण ताडपत्री धरून उभे आणि हमालांचे मुकादम मला विचारतात, ताई, दार मोजलं नव्हतं का कोणी? नव्हतं मोजलं. पाच मजले जिन्याने नेला तो रॅक, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एका पोराचा हात भिंत आणि रॅकच्या मधे सापडला, टाके पडले. तो हात मला अजून दिसतो.

आता पहिला मुद्दा, प्लॅन बदलतो म्हणून बनवूच नका. बदलतो, शंभर टक्के मान्य. पण आयझेनहॉवर यांचं वाक्य अर्धं तोडून फिरवलंय हो. राष्ट्राध्यक्ष असताना १९५७ साली एका भाषणात ते म्हणाले होते की प्लॅन बिनकामाचे असतात, पण प्लॅनिंग हेच सगळं काही. हा पुढचा भाग मेसेजमध्ये नाहीच! आणि ते कोण होते तर दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीला, झालेल्या स्वारीचे सरसेनापती. तारीख ठरलेली ५ जून १९४४, हवामान बिघडलं, एक दिवस पुढे ढकलली आणि ६ जूनला सैन्य उतरलं. एक दिवस पुढे जाता आलं कारण भरती-ओहोटी आणि चांदणं यांचा हिशोब आधीच मांडलेला होता, कुठले दोन-तीन दिवस चालतील आणि ते हुकले तर किती थांबावं लागेल हे माहीत होतं. आमच्याकडे जून हुकला तर काय, हे कोणी एप्रिलमध्ये विचारलंच नव्हतं, त्यामुळे बदल आला तेव्हा आमच्याकडे बदलायला काही नव्हतंच, फक्त घाबरणं होतं.

मला वाटतं खरी गडबड इथे आहे की लोक प्लॅन म्हणजे तारखांचा तक्ता समजतात. तारखा हा त्यातला एक भाग झाला. पीएमआय म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटची जी अमेरिकन संस्था आहे तिच्या मांडणीत बघा, स्कोप म्हणजे काय काय करायचं ते, वेळ, खर्च, क्वालिटी, माणसं आणि साधनं, कोणाला कधी काय कळवायचं, रिस्क, खरेदी, ज्यांच्यावर परिणाम होणार ती माणसं, एवढं सगळं येतं आणि शिवाय बदल मागितला गेला तर तो कोण मंजूर करणार हे पण. माझ्या शब्दांत सांगायचं तर तो माणसामाणसांतला लेखी करार आहे, की हे मी करणार, हे तू करणार, आणि हे आपण या वेळेला करणार नाही.

एजाइलचा मुद्दा लवकर संपवते. २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यात १७ जणांनी जो जाहीरनामा लिहिला त्यात प्लॅनला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं जास्त मोलाचं असं आहे, बरोबर, पण लगेच खाली हेही लिहिलंय की उजव्या बाजूच्या (म्हणजे प्लॅनसारख्या) गोष्टींनाही मोल आहे, फक्त डाव्या बाजूच्या (बदलाला प्रतिसाद वगैरे) आम्हाला जास्त मोलाच्या वाटतात. आणि स्क्रम या एजाइलच्याच एका प्रकारात महिन्याच्या स्प्रिंटसाठी, म्हणजे कामाच्या एका फेरीसाठी, प्लॅनिंगला आठ तासांपर्यंत वेळ राखून ठेवलेला असतो, वर रोज पंधरा मिनिटं आजचं काय ते ठरवायला. म्हणजे एजाइलवाले प्लॅनिंग कमी करत नाहीत, थोडं थोडं पण सारखं करतात.

डबेवाल्यांचं उदाहरण वाचून तर मला वाईटच वाटलं, कारण त्यात त्या माणसांचा अपमान आहे. १८९० पासून चालत आलेली पद्धत आहे ती. डब्याच्या झाकणावरची खूण बघा कधीतरी जवळून, रंगाने काढलेली दोन-चार अक्षरं आणि आकडे, त्यात डबा कुठून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठल्या बिल्डिंगच्या कितव्या मजल्यावर द्यायचा हे सगळं. सकाळी घरातून डबा उचलणारा वेगळा, स्टेशनवर वाटणी करणारा वेगळा, शेवटी टेबलापर्यंत नेणारा वेगळा. कोणाच्या हातून कोणाच्या हातात हे इतकं पक्कं ठरलेलं की मधे फोन करून विचारावं लागत नाही. ह्याला प्लॅन नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं? आणि दुसरी गोष्ट, ते रोजचं काम आहे, तेच ते पुन्हा, आज चुकलं तर उद्या सुधारता येतं आणि हात बसत जातो. प्रोजेक्ट एकदाच होतो, त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. आमचं ऑफिस आयुष्यात एकदाच वागळे इस्टेटहून महापेला येणार होतं, त्याची रंगीत तालीम कागदावरच होऊ शकत होती, दुसरीकडे कुठे नाही.

मेट्रोचं बोलायचं तर हो, बेलापूर ते पेंधर ११.१ किलोमीटरच्या मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला धावली, आम्ही नवी मुंबईकडे कामाला येणाऱ्यांनी ते खांब वर्षानुवर्षं बघितलेत. राग आपल्याला यायलाच पाहिजे. पण उशीर झाला असं आपण म्हणू शकतो ते कशामुळे, तर आधी कधीतरी तारीख जाहीर झालेली होती म्हणून. आमच्या शिफ्टिंगला लेखी तारखाच नव्हत्या, त्यामुळे नंतर मीटिंगमध्ये प्रत्येक जण म्हणाला माझं काम वेळेत झालं, आणि प्रत्येक जण त्याच्या परीने खरंच बोलत होता. मूळ ठरलेल्याला आमच्या भाषेत बेसलाइन म्हणतात, ती नसेल तर ना उशीर दिसतो, ना वाढलेला खर्च, फक्त भांडणं दिसतात.

आणि मोठ्या कामांचं उदाहरण द्यायचंच तर ठाणेकरांनी रेल्वेचा ६३ तासांचा मेगाब्लॉक आठवावा. २०२४ चा मेचा शेवट, ३१ मेपासून २ जूनपर्यंत, ठाण्याला पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायचा होता, त्याच दिवसांत सीएसएमटीला ३६ तासांचा वेगळा ब्लॉक. काय हाल झाले ते मला कोणी सांगू नका, मी त्या गर्दीत होते. पण विचार करा, पाच नंबरला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, तिथे रूळ सरकवून प्लॅटफॉर्म वाढवायचा आणि ते पण अडीच दिवसांत. जागेवर काँक्रीट ओतून ते सुकायची वाट बघितली असती तर कधीच झालं नसतं, म्हणून काँक्रीटचे ठोकळे आधीच तयार करून आणले होते. गाड्या रद्द होणार हे आधी जाहीर केलं, ऑफिसेसना सांगितलं की जमेल त्यांना घरून काम करू द्या. साहित्य आधी, निरोप आधी, मग ब्लॉक. ब्लॉक सुरू झाल्यावर कोणी ठोकळ्यांची ऑर्डर द्यायला गेलं असतं तर काय झालं असतं? आमच्या लीज लाइनचं झालं तेच.

राहिला टेम्प्लेटचा मुद्दा. टेम्प्लेट वाईट नाही, मी पण वापरते, हेडिंगं विसरत नाहीत त्याने. पण आत काय लिहायचं ते तुमच्या जागेवर, तुमच्या माणसांत बसल्याशिवाय येत नाही. शिफ्टिंगनंतर दोन वर्षांनी आमच्याकडे हजेरी आणि पगाराचं नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी हट्ट धरला की आधी प्लॅन, आणि एकटीने नाही बनवणार, सगळे बसू. नऊ दिवस गेले, अकरा पानं झाली. साहेब सहाव्या दिवशी वैतागले होते, त्यांचं पण बरोबर, वरून त्यांना विचारणा होत होती. पण त्या नऊ दिवसांत काय काय बाहेर आलं बघा. अकाउंट्सने सांगितलं की दोन महिने जुना आणि नवा पगार दोन्ही काढून आकडे जुळवून बघायचे, मगच जुनं बंद. सिक्युरिटीच्या काकांनी सांगितलं की रात्रपाळीची माणसं बारानंतर बाहेर पडतात, त्यांची तारीख बदलते, तुमचं मशीन त्यांना गैरहजर दाखवेल, हे सॉफ्टवेअरवाल्यांच्या डेमोत कुठेच आलं नव्हतं. आणि ट्रेनिंगचा आठवडा नेमका गणपतीत येत होता, आमच्याकडची निम्मी माणसं कोकणातली, ती तर चाललीच गावाला, मग ट्रेनिंग आधीच्या आठवड्यात घेतलं.

दोन गोष्टी मी हट्टाने घातल्या होत्या. एक, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव, डिपार्टमेंटचं नाही, कारण ‘आयटी’ असं लिहिलं की ते काम कोणाचंच नसतं हे मी डोंगलवर बसून शिकले होते. दुसरी, काय करणार नाही त्याची यादी. तीन महिन्यांनी डायरेक्टर म्हणाले त्यातच कॅन्टीनची कुपनं पण घेऊया. पूर्वी आम्ही हो म्हणून मोकळे झालो असतो आणि मग रात्री जागलो असतो. या वेळी मी बदलाच्या पानावर दोनच ओळी लिहून नेल्या, बारा दिवस वाढतील आणि खर्च इतका वाढेल, तुमची सही लागेल. त्यांनी वाचलं, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले पुढच्या टप्प्यात घेऊ. कोणी कोणाला दुखावलं नाही, आवाज चढला नाही. पगार पहिल्या महिन्यापासून वेळेवर झाला, चुका निघाल्या त्या जुळवणीच्या दोन महिन्यांत निघाल्या, माणसांच्या खात्यात नाही.

छोट्या कामाला अकरा पानं लागत नाहीत हेही सांगते, एक पान पुरतं कधीकधी, पण त्या एका पानावर नावं पाहिजेत.

सध्या आमचं तुर्भ्याला गोडाऊनचं काम चाललंय, तिथेही रॅक न्यायचे आहेत. परवा मी आणि आयटीचे दादा टेप घेऊन जाऊन आलो, मालाच्या लिफ्टचं दार चार फूट दोन इंच रुंद आणि सात फूट उंच, आतून खोल पावणेसहा फूट. तो आकडा प्लॅनच्या तिसऱ्या पानावर रॅकच्या मापाशेजारी लिहिलाय आणि पुढे दादांचं नाव आहे.