पिणाऱ्याच्या घरच्यांचं काय?

जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार आणला आणि यातून वर्षाला १४,००० कोटींची जादा कमाई होईल असा हिशेब मांडला. तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दारूचा विषय अधूनमधून पेटतो. एकजण म्हणतो, चंद्रपूरला २०१५ ला बंदी आणली, २०२१ ला उठवली, हाती काय लागलं? दुसरी म्हणते, गावोगावी बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलीच की. मग परमिट रूम, हातभट्टी, सरकारचा महसूल, आणि शेवटी कुणीतरी फुलांचा गुड मॉर्निंग टाकून विषय संपवतं.

मी हे सगळं बर्मिंगहॅममध्ये बसून वाचते. बंदीबद्दल मलाही मत आहे, पण ते राहू दे. वाद सगळा दुकानाचा. पिणाऱ्याच्या घरात जी बाई, जी आई, जो धाकटा भाऊ राहतो, त्यांचं नाव कुणी काढत नाही. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' राबवलं. हातभट्टी गाळणाऱ्या तांड्यांवर जाऊन लोकांना दुसऱ्या रोजगाराकडं वळवायचा तो प्रयत्न होता, आणि चांगला होता. म्हणजे दारू गाळणाऱ्याच्या पोटापाण्याचा विचार आपल्याकडं झाला. पिणाऱ्याच्या बायकोचा अजून व्हायचाय.

माझा एक मावसभाऊ सोलापूरच्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, यंत्रमागावर आहे. वहिनी विड्या वळते. विडी कंपनीच्या ब्रँचमधून पानं-तंबाखू आणायची, हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी घ्यायची. भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. वहिनीला मात्र प्रत्येकानं एकेक सूचना दिली. त्याला चिडवू नको, एकटं सोडू नको, हातात पैसे देऊ नको, पण संशयही घेऊ नको. ती मला म्हणाली, "ताई, तो सुटला ओ, मीच अडकले की. संडासला गेला तरी मी कान लावून बसते."

केंद्रात जायच्या आधी कारखान्यात 'आज ताप आहे' म्हणून निरोप कोण धाडायचं? वहिनी. मालकाकडून घेतलेली उचल कोण फेडायचं? तीच. शेजारणीनं तिला भिंतीवरच्या जाहिरातीतली पुडीही आणून दिली होती: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. ही पुडी हा आपल्याकडचा भयंकर प्रकार आहे. तिच्यात काय असतं याचा पत्ता नसतो. डायसल्फिराम हे डॉक्टरांनी द्यायचं खरं औषध जरी भाजीत कालवलं, आणि त्यावर तो माणूस न कळून प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तरी फिट येऊ शकते, वात होऊन माणूस भ्रमात बरळू शकतो. हे वहिनीला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला माणूस भेटेल अशी जागाच नव्हती.

इथं अशी जागा आहे. एका सहकारणीबरोबर मी अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाच्या खुल्या बैठकीला गेले. चर्चच्या मागचा हॉल, घडीच्या खुर्च्या, किटली, बिस्किटांचा डबा, हॉलच्या भाड्यासाठी फिरणारी पिशवी. फी नाही, नोंद नाही, आडनाव नाही. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतं, म्हणून कुणाची हकिगत सांगत नाही. पण एक गोष्ट सांगते: तासाभरात कुणी कुणाला एकही सल्ला दिला नाही! सोलापूरच्या माणसाला हे पटायचं नाही. आपल्याकडं रिक्षावालासुद्धा सात रस्त्यापासून स्टेशनपर्यंत संसाराचे चार सल्ले देतो.

हा गट अमेरिकेत १९५१ ला सुरू झाला. तो काढणाऱ्या दोघींपैकी एक लोइस विल्सन. तिच्या नवऱ्यानं, बिल विल्सननं, १९३५ मध्ये एका डॉक्टरबरोबर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे खुद्द पिणाऱ्यांच्या गटाची, सुरुवात केली होती. तिची एक हकिगत प्रसिद्ध आहे. नवरा पिणं सोडून मीटिंगला निघालेला, तिलाही चल म्हणाला, आणि तिनं संतापून बूट फेकून मारला. वर्षानुवर्षं त्याला सावरायचं हेच तिचं काम होतं. ते काम गेलं आणि राग तेवढा उरला. वहिनीला हे सांगितलं तर ती खळखळून हसली. "चप्पल मी पण उचलली होती, मारली नाही," म्हणाली.

पण इथलं जसंच्या तसं उचलून सोलापूरच्या साखर पेठेत नेऊन ठेवा, असं मी म्हणणार नाही. त्याच्या पिण्याचे परिणाम त्यालाच भोगू द्या, असं इथं सांगतात. बरोबर आहे, ज्या बाईच्या नावावर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं घर आहे तिच्यासाठी. वहिनीनं उचल फेडली नाही तर चूल तिचीच विझते. नवरा मारत असेल तर गटाआधी पोलिस, १८१ या महिला हेल्पलाइनचा फोन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागतो. इथं तरी सगळं आलबेल कुठंय? २०१३ पासून इंग्लंडमध्ये व्यसनाच्या उपचारांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांकडं गेली आणि पुढं पैसा आटत गेला. चर्चमधला गट टिकला तो सरकारच्या भरवशावर नव्हता म्हणून. ही किटली-बिस्किटांची काटकसर मात्र आपल्याला सहज जमेल.

शिवाय आपल्याकडं अगदीच पाटी कोरी नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं, तिथं पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. पण पूर्वभागातल्या बाईनं मजुरी बुडवून पुण्याला जायचं कसं? गट तिच्या वाटेवर हवा, ब्रँचमधून घरी जायच्या वेळेत, आणि तेलुगूत. कुठं कन्नड, कुठं दखनी लागेल. शुद्ध मराठीत बोलणारी समुपदेशक बाई समोर बसली की आमच्या बायका फक्त "हो मॅडम" म्हणतात. आईवडिलांना आणि पुरुषांनाही यायला वाट हवी, पण सुरुवातीला त्यांची वेळ वेगळी ठेवावी. सासूसमोर सून तोंड उघडणार नाही.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एका वर्गमित्राचं उत्तर आलं: असल्या गटाला येणार कोण, अब्रू चव्हाट्यावर मांडायला? प्रश्न रास्त वाटला, म्हणून तो वहिनीलाच विचारला. ती म्हणाली, "आमच्या पेठेत नको, तिथं मला सगळे ओळखतात. जुळे सोलापूरला असलं तर येते. त्याच्या सुट्टीच्या दिवशी नको. आणि फोटो काढणार असतील तर येत नाही."