कार्ड येईपर्यंत तब्येत सांभाळा

आयुष्मान कार्डासाठी अर्ज केलात? अभिनंदन. आता स्टेटसमधलं ‘पेंडिंग’ जाईपर्यंत एकच पथ्य पाळायचं, आजारी पडायचं नाही.

सर्दी-खोकल्याला मुभा आहे, कारण तो कार्ड आल्यावरही तुमचाच प्रश्न. योजनेतले उपचार दवाखान्यात दाखल होणाऱ्यासाठी असतात, गोळ्या घेऊन घरी जाणाऱ्यासाठी नाहीत. म्हणून ताप आणायचाच तर अगदी किरकोळ आणा, नाहीतर थेट सलाइन लागेल इतका. मधला ताप परवडत नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात ही योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून चालतो. आजार जुना चालतो, नाव मात्र जुनं चालत नाही. रेशनकार्डावर तुम्ही ‘दत्तू’ आणि आधारवर ‘दत्तात्रय’ असाल, तर हर्निया या दोघांपैकी नेमका कोणाला आहे हे वरून ठरून येईपर्यंत तो वाढू न देणं ही दोघांची संयुक्त जबाबदारी. बायकांचं तर विचारूच नका. एका कागदावर माहेर, दुसऱ्यावर सासर, आणि दुखणारा गुडघा दोन्हीकडे तोच.

मग केवायसी. अंगठा लावा म्हणतात. विटा उचलून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. योजना मुख्यतः त्यांच्यासाठीच, ही गोष्ट मशीनला कोणी सांगितलेली नसते. त्यांनी खरं तर राबायला लागण्याआधीच अंगठा देऊन ठेवायला हवा होता. नाहीतर ओटीपी आहेच. तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, तो नंबर थोरल्याचा, आणि थोरला नाइट शिफ्ट करून झोपलेला. त्याला उठवू नका, त्याचंही कार्ड व्हायचंय.

छातीत कळ आली तर आधी वार बघा. रविवारी केंद्र बंद असतं आणि सोमवारी सर्व्हर. मंगळवारची कळ त्यातल्या त्यात सोयीची.

काही उतावळे लोक मात्र कार्डाची वाट न बघता रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट योजनेतल्या दवाखान्यात जातात, आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधतात आणि जमलं तर तिथेच कार्ड काढून घेतात. १४५५५ वर फोन करून जवळ कोणता दवाखाना योजनेत आहे तेही विचारतात. अशांमुळे रांगेची शिस्त बिघडते. तुम्ही घरीच थांबा. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय की आधी जीव वाचवा, सोपस्कार नंतर. पण निकालाची प्रत खिशात ठेवून कोणी चक्कर येऊन पडतं का?

घरात आजोबा असतील तर जास्तच जपा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, याच योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. (एवढी चांगली गोष्ट सरकारने केली हे कबूल करायला जड जातं, पण केली.) वय आधारवरून मोजतात. आधारवर आजोबांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला तीच वाटली होती. तेव्हा डॉक्टरांनी मे महिन्यात बायपास सांगितली तर आजोबांना शांतपणे समजवा की तुम्ही अजून एकोणसत्तरचे आहात, जरा दम धरा. पणजीच्या हिशेबाने त्यांची सत्तरी उलटून तीन वर्षं झाली असती, पण पणजीचं केवायसी झालेलं नव्हतं.